घरचा डॉक्टर आणि अखेरची विनंती

दीर्घ दुखण्यातून एखादी वृद्ध व्यक्ती गेली म्हणजे ‘सुटली बिचारी’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ह्या एका क्रियापदात मरणाविषयीची आपली सारी समजूत साठविलेली आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. सुटणे दैवाधीन असते. त्याला कर्ता लागत नाही. परंतु ह्याच क्रियापदाचे प्रयोजक रूप केले, ‘सुटणे’ह्याचे ‘सोडविणे’ केले, की लगेच कर्ता पुढे येऊन उभा राहतो. कोणी सोडवावे? कोणाच्या सांगण्यावरून? आणि सोडविल्यावर जबाब कोणापुढे द्यावा?

माझी आजी अर्धांगाने दोन वर्षे अंथरुणास खिळून होती. आमचे घरचे डॉक्टर दर आठवड्यास दोन जिने चढून तिला पाहावयास येत. अखेरच्या काही महिन्यांत ती प्रत्येक वेळी त्यांस एकच गोष्ट सांगे : ‘डॉक्टर, आता सोडवा हो मला.’ ते तिचा हात हातात घेऊन नाडी पाहात राहत आणि ‘मी कोण सोडवणार, आजी?’ एवढेच म्हणत. वडील त्यांस दारापर्यंत पोहोचवावयास जात; परंतु त्या विनंतीविषयी दोघांपैकी कोणीही अवाक्षर काढीत नसे. ते उत्तर मला त्या वयात निव्वळ नम्रतेचे वाटले होते. पुढे इतिहासाचे अध्यापन करू लागल्यावर असे ध्यानात आले की, ही विनंती जगातील असंख्य घरच्या डॉक्टरांस झालेली आहे, आणि त्या सर्वांनीच असे उत्तर दिलेले नाही. कोणी नकार दिला, कोणी गुपचूप सोडविले, आणि एका लहानशा देशातील काही डॉक्टरांनी सोडवून झाल्यावर पोलिसांस स्वतः होऊन कळविले. प्रस्तुत लेखात हा इतिहास थोडक्यात सांगावयाचा आहे.

दयामरणाला युरोपीय भाषांत जो शब्द आहे तो मूळचा ग्रीक असून ‘चांगले मरण’ एवढाच त्याचा अर्थ. १६०५ साली इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन ह्याने तो वैद्यकाच्या संदर्भात योजिला, तेव्हा रोग्याची आशा सुटल्यावरही वैद्याने त्याचा शेवट सुसह्य करावा, इतकाच त्याचा अभिप्राय होता. वैद्याने मरण आणावे ही कल्पना त्यात नव्हती. कोणी मागितले तरीही प्राणघातक औषध देणार नाही, अशी प्रतिज्ञा हिपोक्रेटिसच्या नावे चालत आलेल्या शपथेत आहे, आणि ती पाश्चात्त्य वैद्यांस शतकानुशतके प्रमाण होती. एकोणिसाव्या शतकात मात्र साधनेच बदलली. १८४६ साली ईथर आले, १८४७ साली क्लोरोफॉर्म आले आणि १८५३ च्या सुमारास त्वचेखाली औषध सोडणारी पिचकारी आली. वेदना थांबविण्याचे सामर्थ्य वैद्याच्या पेटीत आले, आणि त्याच पेटीतून श्वासही थांबविता येतो हे लपून राहिले नाही. १८७० साली असाध्य रोग्यास त्याच्या इच्छेने क्लोरोफॉर्म देऊन मुक्त करावे, असा निबंध बर्मिंगहॅममधील सॅम्युएल विल्यम्स ह्याने लिहिला. हा गृहस्थ वैद्य नसून शाळामास्तर होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. डॉक्टरमंडळी ह्या वादात पुष्कळ उशिरा उतरली. आणि उतरली तेव्हा त्यांतील बहुतेकांचे म्हणणे असे होते की, ह्या गोष्टीचा बोभाटा न करता ती आमच्या सद्सद्विवेकावर सोपवावी.

ह्या भूमिकेचे सर्वांत ठळक उदाहरण १९३६ सालचे आहे. आरोग्याधिकारी डॉ. किलिक मिलर्ड ह्यांनी १९३१ मध्ये इंग्लंडात स्वेच्छामरणाचा कायदा व्हावा असे सुचविले होते. १९३५ मध्ये त्यासाठी एक संस्था स्थापन झाली, आणि १९३६ च्या डिसेंबरात तसे विधेयक लॉर्डांच्या सभेपुढे आले. त्यास विरोध करणाऱ्यांत राजघराण्याचे वैद्य लॉर्ड डॉसन हे प्रमुख होते. मरणाची वाट सुकर करणे हे डॉक्टरांचे कर्तव्यच आहे, परंतु ती गोष्ट त्यांच्या शहाणपणावर व विवेकावर सोडावी, कायद्याने तीत हात घालू नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा मथितार्थ होता. विधेयक १४ विरुद्ध ३५ मतांनी फेटाळले गेले.

ज्या गृहस्थांनी हे भाषण केले त्यांनीच त्याच वर्षीच्या २० जानेवारीच्या रात्री, अकराच्या सुमारास, मरणोन्मुख अशा पंचम जॉर्ज बादशहांच्या मानेच्या शिरेत मॉर्फिन व कोकेन टोचले होते. बारा वाजावयास पाच मिनिटे असताना बादशहा निवर्तले. ही हकीकत पुढे पन्नास वर्षे कोणासही ठाऊक नव्हती. १९८६ साली डॉसनसाहेबांच्या टिपणांवरून ती प्रसिद्ध झाली. त्या टिपणांत कारणही नमूद आहे. राजाच्या मरणाची वार्ता संध्याकाळच्या हलक्या पत्रांत न येता सकाळच्या ‘टाइम्स’मध्ये प्रथम यावी, हा विचारही त्या घटकेला डॉक्टरांच्या मनात होता. राजाचे आयुष्य निष्कारण लांबवू नये अशी आप्तांची इच्छा त्यांच्या कानी आली होती हे खरे; परंतु खुद्द राजाने असे काही मागितल्याचा मागमूस नाही. शुश्रूषेला असलेल्या परिचारिकेला हा प्रकार रुचला नाही हे ओळखून डॉसननी सुई स्वतःच टोचली. ज्याला डॉक्टरचा विवेक म्हणून कायद्याच्या बाहेर ठेवावयाचे, तो विवेक बंद दाराआड कोणकोणत्या गोष्टी हिशेबात धरतो, ह्याचे हे बोलके उदाहरण आहे.

गुप्ततेचे ह्याहून शतपट भयंकर रूप जर्मनीत प्रकट झाले. हिटलरने १ सप्टेंबर १९३९ ही तारीख घालून दिलेल्या अधिकारपत्रान्वये वेडे, पांगळे आणि मतिमंद ह्यांच्या कत्तलीस ‘दयामरण’ हे नाव देण्यात आले. बर्लिनमध्ये बसलेले डॉक्टर रोग्यास न पाहता त्याच्या छापील तक्त्यावर तांबड्या पेन्सिलीने अधिकचे चिन्ह करीत, आणि तेवढ्यावर त्याचे मरण ठरे. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत केवळ विषारी वायूने मारलेल्यांची संख्या, त्या यंत्रणेच्याच हिशेबाप्रमाणे, सत्तर हजारांवर गेली. येथे रोग्याची विनंती नव्हती, त्याची ओळख नव्हती आणि उघडपणाही नव्हता. ‘दयामरण’ हा शब्द ह्यानंतर पुढे किती तरी वर्षे युरोपात तोंडातून काढणे कठीण झाले.

ह्या पार्श्वभूमीवर नेदरलंड्सचा, ज्याला आपण सवयीने हॉलंड म्हणतो त्या देशाचा, इतिहास पाहिला म्हणजे प्रथम आश्चर्य वाटते. नाझींच्या ताब्यात असताना तेथील डॉक्टरांनी सरकारी वैद्यकमंडळात शिरण्याचे साफ नाकारले होते. १९४३ साली हजारो डॉक्टरांनी दारावरील पाट्यांतील आपली पदवी झाकून टाकून व्यवसायाचा त्याग जाहीर केला, परंतु परकीय सत्तेची आज्ञा पाळली नाही. आणि रोग्याच्या मागणीवरून डॉक्टरने मरण देणे आधुनिक काळात सर्वांत आधी उघडपणे मान्य करणारा देशही हाच ठरला. ह्या दोन गोष्टींत विरोध आहे असे टीकाकार म्हणतात. परंतु त्यांत एक समान धागाही दिसतो. रोग्याशी असलेल्या आपल्या नात्याविषयी वरून आलेला हुकूम त्या डॉक्टरांनी मानला नाही, आणि जे केले ते चारचौघांत पाट्या झाकून केले.

डच भाषेत सामान्य डॉक्टरला ‘हाउसआर्ट्स’ म्हणतात. ‘हाउस’ म्हणजे घर आणि ‘आर्ट्स’ म्हणजे वैद्य. अर्थात आपला ‘घरचा डॉक्टर’च. त्या देशात जवळजवळ प्रत्येक नागरिक अशा एका डॉक्टरकडे नोंदलेला असतो. रुग्णालयाची वाट त्याच्याच दवाखान्यावरून जाते, आणि रुग्णालयाचे उपाय संपले की रोगी बहुधा त्याच्याच हाती परत येतो. आईच्या दुखण्यात येणारा डॉक्टर पुढे मुलाच्या दुखण्यात येतो. म्हणून अखेरची विनंती तेथे कोणा विशेषज्ञापुढे न होता बहुधा ह्या माणसापुढे होते.

१९७१ च्या ऑक्टोबरात फ्रीसलंड प्रांतातील डॉ. खेरट्राउडा पोस्टमा ह्यांनी शुश्रूषागृहात असलेल्या आपल्या जन्मदात्या आईस मॉर्फिन टोचून मरण दिले. मेंदूतील रक्तस्रावाने आई पंगू झाली होती. बोलणे व ऐकणे दोन्ही कठीण झाले होते. पडू नये म्हणून तिला खुर्चीस बांधून ठेवीत. आपणांस मरावयाचे आहे असे ती वारंवार सांगत होती. शुश्रूषागृहाच्या चालकाने ही गोष्ट अधिकाऱ्यांस कळविली आणि १९७३ च्या फेब्रुवारीत लेउवार्डेन येथील न्यायालयात खटला उभा राहिला. डच दंडसंहितेच्या कलम २९३ प्रमाणे मागणीवरून प्राण घेणाऱ्यास बारा वर्षेपर्यंत कैद होऊ शकते. न्यायालयाने डॉक्टरबाईंस दोषी ठरविले. शिक्षा मात्र एक आठवड्याची, आणि तीही स्थगित. असाध्य रोग्याच्या वेदना शमविताना आयुष्य कमी झाले तरी ते सामान्य डॉक्टरांच्या धर्मास सोडून नाही, परंतु एकाच सुईत तत्काळ प्राण घेणे त्यात बसत नाही, असा निकालाचा आशय होता. खटल्याच्या काळात काही सहव्यवसायी डॉक्टरांनी न्यायमंत्र्यांस अनावृत पत्र लिहून, हा गुन्हा आम्हीही निदान एकदा तरी केला आहे, असे कळविले. त्या पत्राने झाकलेली मूठ उघडली. त्याच वर्षी तेथे स्वेच्छामरणाचा पुरस्कार करणारी संस्थाही निघाली.

दुसरा टप्पा १९८२ चा. पुर्मेरेंद गावच्या डॉ. स्खोनहाइम ह्या घरच्या डॉक्टरांची एक रोगी पंचाण्णव वर्षांची होती. तिने आधीच आपली इच्छा लिहून ठेवली होती. त्या जुलैत तिची प्रकृती झपाट्याने ढासळली, शुद्ध हरपली आणि पुन्हा आली. असा प्रसंग आपणांवर दुसऱ्यांदा येऊ नये, असे तिने निक्षून सांगितले. डॉक्टरांनी तिच्या मुलाशी आणि आपल्या सहायक डॉक्टरांशी विचारविनिमय केला, तिला मरण दिले आणि पोलिसांस स्वतः कळविले. खटला खालच्या न्यायालयातून वर, वरून आणखी वर असा चालत राहिला. २७ नोव्हेंबर १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ह्या प्रकरणी एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले : जीव राखणे आणि असह्य दुःख निवारणे ही दोन्ही डॉक्टरची कर्तव्ये आहेत, त्यांचा परस्पर झगडा उभा राहिला असता, वैद्यकीय नीतीस अनुसरून व जबाबदारीने एकाची निवड करणाऱ्या डॉक्टरची कृती समर्थनीय ठरू शकते. १९८६ मध्ये हेगच्या न्यायालयाने त्यांस निर्दोष सोडले. येथे एक भेद ध्यानी ठेवावा. मरणाचा हक्क रोग्यास आहे असे ह्या न्यायालयाने म्हटले नाही. डॉक्टर धर्मसंकटात सापडतो, एवढेच त्याने मान्य केले. आणि पुढचा सारा डच कायदा ह्याच पायावर उभा आहे.

वस्तुस्थिती काय आहे हे पाहण्यासाठी नेमलेल्या समितीने १९९० सालची जी पाहणी करविली तीत असे दिसून आले की, त्या वर्षी सुमारे २५,००० रोग्यांनी ‘पुढे फार असह्य झाले तर मदत कराल ना?’ असे आपल्या डॉक्टरांस विचारून ठेवले. सुमारे ९,००० जणांनी स्पष्ट मागणी केली. आणि प्रत्यक्षात मागणीवरून मरण दिले गेले ते सुमारे २,३०० जणांस. पंचवीस हजारांतील बहुसंख्य लोकांस आश्वासन पुरले, असाच ह्याचा अर्थ मी करतो. परंतु त्याच पाहणीत दुसरीही एक संख्या निघाली, आणि ती दडपणे अप्रामाणिकपणाचे होईल : सुमारे १,००० मरणे अशी होती की त्यांत रोग्याची स्पष्ट मागणी नव्हती. त्या वर्षीच्या दयामरणांपैकी अधिकाऱ्यांस कळविलेली प्रकरणे पाचांत एक इतकीही नव्हती. कायद्याच्या पुरस्कर्त्यांनी आणि विरोधकांनी ह्या आकड्यांवर आपापले इमले रचले. मला त्यांतील मर्म वेगळेच वाटते. असे आकडे इतर देशांत नसतील असे मानण्यास आधार नाही. तेथे ते मोजले गेले नव्हते, इतकेच.

अखेर १० एप्रिल २००१ रोजी कायदा संमत झाला आणि १ एप्रिल २००२ पासून तो अमलात आला. दयामरण आजही कलम २९३ खाली गुन्हाच आहे; अटी पाळणाऱ्या डॉक्टरास तेवढी त्यातून सूट आहे. रोग्याची मागणी स्वेच्छेची व विचारपूर्वक असावी. त्याचे दुःख असह्य व निरुपाय असावे. त्यास स्थितीची पूर्ण कल्पना दिलेली असावी. दुसरा स्वीकारार्ह मार्ग नसावा. दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरने रोग्यास समक्ष पाहून लेखी मत द्यावे. आणि कृती काळजीपूर्वक व्हावी. ह्या दुसऱ्या मताची व्यवस्था १९९७ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या घरच्या डॉक्टरांनीच सुरू केली आणि मग ती देशभर पसरली. मरणानंतर नैसर्गिक मृत्यूचा दाखला देता येत नाही. डॉक्टर सरकारी तपासनिसास तेथेच बोलावून घेतो, आणि पुढे कायदेपंडित, डॉक्टर व नीतिज्ञ ह्यांची समिती सारे कागद तपासते. २००५ पर्यंत कळविलेल्या प्रकरणांचे प्रमाण शेकडा ऐंशीवर गेले. २०२४ साली अशा ९,९५८ मृत्यूंची नोंद झाली; त्या देशातील एकूण मृत्यूंच्या हे प्रमाण शेकडा सहाच्या जवळ येते. ह्यांतील पाचांपैकी सुमारे चार प्रकरणांत हात घरच्या डॉक्टरचा असतो.

त्या हाताला काय वाटते? तेथील डॉक्टरांनी आपले अनुभव मोकळेपणाने सांगितले आहेत, आणि त्यांत विजयाचा सूर क्वचितच आढळतो. दिवस व वेळ आधी ठरलेली असते. डॉक्टर पेटी घेऊन ओळखीचे दार वाजवितो. आत घरचे जमलेले असतात. प्रथम निद्रेचे औषध, मग स्नायू शिथिल करणारे. काही मिनिटांत सारे आटोपते. आपण योग्य तेच केले असे म्हणणारे डॉक्टरही, ह्याची सवय होत नाही आणि होऊ नये, असेच सांगतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा सर्दी-खोकल्याचे रोगी तपासावयाचे असतात. कायदा झाल्यापासून एक नवी अडचण त्यांस जाणवू लागली आहे. पूर्वी जी विनंती होती ती आता पुष्कळांच्या तोंडी हक्काची मागणी झाली आहे. वास्तविक कायद्याने असा हक्क कोणास दिलेला नाही आणि नकार देण्यास डॉक्टर मुखत्यार आहे. २०१२ साली, ज्यांच्या डॉक्टरांनी नकार दिला अशा रोग्यांसाठी वेगळी संस्था निघाली. तेथील डॉक्टर रोग्यास बहुधा प्रथमच भेटतो. म्हणजे ज्या परिचयाच्या पायावर ही इमारत उठली, तोच पाया तेथे नव्याने घालावा लागतो.

मर्यादांच्या बाबतीतही कसोटी लागली ती घरच्या डॉक्टरांचीच. एका शहाऐंशी वर्षांच्या माजी लोकप्रतिनिधीस मोठा रोग नव्हता. जगण्याचा केवळ वीट आला होता. १९९८ साली त्याच्या डॉक्टरने त्यास मरणास साहाय्य केले. पहिल्या न्यायालयाने डॉक्टरास सोडले. परंतु २००२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम केला, शिक्षा मात्र दिली नाही. मूळ वैद्यकीय आजारात नसलेले दुःख डॉक्टरच्या अधिकाराबाहेरचे, असे त्यात ठरले. आणि २०१३ साली उत्तर हॉलंडमधील एका गावी, मरणासन्न रोग्यास नियमाबाहेर फार मोठी मात्रा दिली म्हणून चौकशीत सापडलेल्या डॉक्टरने स्वतःचाच अंत करून घेतला. रोग्याचे दुःख डोळ्यांसमोर आणि नियमाचे पुस्तक मागे, अशा स्थितीत माणूस किती एकटा पडतो हे त्या घटनेने सबंध देशास दाखविले.

ह्यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो क्षुल्लक नाही. घरच्या डॉक्टरवर एवढा विश्वास टाकावा काय? मँचेस्टरजवळील हाइड ह्या गावी हॅरोल्ड शिपमन नावाचा लोकप्रिय डॉक्टर होता. म्हाताऱ्या रोग्यांच्या घरी तो न बोलावता जाई. जनवरी २००० मध्ये तो पंधरा खुनांबद्दल दोषी ठरला, आणि पुढील चौकशीत त्याने २१५ रोग्यांचे प्राण घेतल्याचा निष्कर्ष निघाला. ह्या स्त्रीपुरुषांनी मरण मागितलेले नव्हते. ‘दया’ ह्या शब्दाचा येथे विटाळही नको. परंतु इतकी वर्षे हे चालले कसे, ह्याचे उत्तर आपल्या विषयाशी निगडित आहे. सुई त्याची, मृत्यूचा दाखलाही त्याचाच, आणि घरचे डॉक्टर म्हणून शंका घेण्याचे कोणाच्या मनात आले नाही. केवळ परिचय पुरेसा नाही, हे शिपमनने शिकविले. केवळ विवेक पुरेसा नाही, हे डॉसननी. परिचय मुळीच नसला म्हणजे काय होते, हे बर्लिनच्या तक्त्यांनी. डच प्रयोगाचे जे काही श्रेय असेल ते इतकेच की, परिचय आणि उघडपणा ह्या दोहोंस एकत्र बांधण्याचा त्याने प्रयत्न केला. तो पूर्णपणे यशस्वी झाला असे तेथील डॉक्टरही म्हणत नाहीत.

आपल्या देशात प्राणघातक औषध देऊन मरण आणणे हा आजही गुन्हा आहे, आणि तो तसा राहावा असे मानणाऱ्यांत अनेक थोर डॉक्टर आहेत. परंतु निरुपयोगी उपचार थांबविण्याचा प्रश्न न्यायालयापुढे आला तो मुंबईतूनच. केईएम रुग्णालयात १९७३ पासून अचेतनप्राय पडून असलेल्या अरुणा शानबाग ह्यांच्या प्रकरणी ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्यांचा सांभाळ करणाऱ्या परिचारिकांच्या इच्छेस मान देऊन त्यांचे अन्न बंद करण्यास नकार मिळाला. मात्र तत्त्वतः उपचार थांबविण्याची वाट खुली झाली. पुढे ९ मार्च २०१८ रोजी त्याच न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून, शुद्धीत असतानाच आपली इच्छा लिहून ठेवण्यास संमती दिली, आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची किचकट रीत सोपी केली. त्या नियमांत असे आहे की, इच्छापत्राची एक प्रत घरच्या डॉक्टरांस द्यावी, ‘असल्यास’.

हा ‘असल्यास’ शब्द वाचून मी क्षणभर थांबलो. कायद्याने घरच्या डॉक्टरचे स्थान ओळखले, पण तो असेलच अशी खात्री त्यास देता येईना. आमच्या शहरांतून हा माणूस हळूहळू नाहीसा होत आहे. अवयवागणिक विशेषज्ञ आहेत, अतिदक्षता विभाग आहेत. परंतु दोन जिने चढून येऊन नाडी पाहात बसणारा कोणी उरलेला नाही. दयामरणाचा कायदा असावा की नसावा ह्यावर आपल्याकडे परिसंवाद होतात, आणि ते व्हावेतही. तथापि त्या आधीचा प्रश्न हा आहे की, ही विनंती आज रोग्याने करावी तरी कोणापाशी?

आमचे ते डॉक्टर आजीला ‘मी कोण सोडवणार?’ म्हणत, आणि पुढच्या आठवड्यास पुन्हा येत. त्यांनी दिले ते उत्तर बरोबर होते की नाही, हे मला अजूनही ठरविता आलेले नाही. परंतु ती विनंती ती त्यांच्यापाशीच करी, आमच्यापैकी कोणापाशी नाही. आणि नकार मिळूनही दर आठवड्यास जिन्यावर त्यांची पावले वाजली की पदर सावरून, दाराकडे तोंड करून वाट पाहात पडून राही.